टक्का वाचण्याआधी विमान बाजूला काढा

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने जागतिक बँकेचा तक्ता पाहिला. मॉरिशसमध्ये भांडवली गुंतवणुकीचा जीडीपीतला वाटा 20 टक्क्यांच्या आसपास घुटमळतो आणि भारतात तो 30 च्या घरात आहे. दरडोई उत्पन्न मात्र मॉरिशसचं आपल्या चौपटीहून जास्त. मग मॉरिशस गुंतवणुकीत मागे आहे असं लिहायचं का? आणि एवढ्याशा बेटासाठी योग्य टक्का किती धरायचा?

मागे आहे असं लिहू नका. योग्य टक्का शोधायच्याही फंदात पडू नका, असा टक्का नसतो. पंचवीसेक वर्षं बेटांवरच्या प्रकल्पांचे हिशेब तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. या काळात मी या एका आकड्यावरून जेवढे चुकीचे निष्कर्ष निघताना पाहिले, तेवढे दुसऱ्या कशावरून नाही. मोठ्या देशात हा टक्का बऱ्यापैकी खरं बोलतो, कारण हजारो कारखाने, लाखो घरं आणि शेकडो रस्ते मिळून तो बनलेला असतो. बेटावर तो चार-पाच व्यवहारांनी बनतो. ते चार-पाच व्यवहार कोणते, हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

एक प्रसंग सांगतो. कामाला लागून फार वर्षं झाली नव्हती. एका बेटावरच्या सरकारी खात्यात (नाव राहू दे) मी एक आलेख घेऊन मोठ्या उत्साहाने गेलो. एका वर्षात गुंतवणुकीचा वाटा एकदम चार टक्के-बिंदूंनी वर गेला होता, आणि मी त्यावर ‘गुंतवणूकदारांचा वाढता विश्वास’ असं छानसं वाक्य लिहून ठेवलं होतं. समोरच्या बाईंनी आलेख पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, “हे विमान आहे.” विमान कंपनीने त्या वर्षी एक मोठं विमान विकत घेतलं होतं. पुढच्या वर्षी आलेख मुकाट्याने जागेवर आला. तेव्हा विश्वास ओसरला असं कुणी लिहिलं नाही, एवढंच नशीब.

मॉरिशसचं सांख्यिकी खातं म्हणूनच गुंतवणुकीची वाढ सांगताना दोन आकडे देतं, एक सगळं धरून आणि एक विमानं व जहाजं वगळून. तुमच्या निबंधात दुसरा वापरा. जागतिक बँकेच्या तक्त्यात तुम्हाला फक्त पहिला मिळेल. विमानाचं आणखी एक त्रांगडं आहे. ते विकत घेतलं किंवा वित्तीय भाडेपट्ट्यावर (म्हणजे जवळपास हप्त्यांनी केलेली खरेदीच) घेतलं तर ती गुंतवणूक ठरते. साध्या भाड्याने आणलं तर ती गुंतवणूक नव्हे, नुसती सेवेची आयात. आकाशात उडणारं विमान तेच, प्रवासी तेच, पण करारातल्या एका कलमाने देशाचा टक्का बदलतो. जुनी विमानं परदेशात विकली तर ती रक्कम त्या वर्षीच्या गुंतवणुकीतून वजा होते. अशा वर्षी टक्का खाली गेला म्हणून देशाचं काही बिघडलं असं नसतं.

आता या आकड्याचं पूर्ण नाव, कारण बरीच गफलत तिथेच होते. ‘सकल स्थिर भांडवल निर्मिती.’ वर्षभरात जी टिकाऊ मालमत्ता उभी राहिली किंवा आणली, ती यात येते: इमारती, रस्ते, धक्के, यंत्रं, वाहनं, सॉफ्टवेअर. जमिनीची खरेदी यात येत नाही, शेअर विकत घेणं येत नाही. 2020 साली कोविडच्या दणक्यानंतर मॉरिशसच्या मध्यवर्ती बँकेने 80 अब्ज मॉरिशियन रुपयांचं भांडवल घालून एक गुंतवणूक महामंडळ काढलं आणि अडचणीतल्या हॉटेलांना वगैरे पैसा पुरवला. नावात ‘गुंतवणूक’ आहे, रक्कम प्रचंड आहे, पण हॉटेल तरलं म्हणजे नवं हॉटेल उभं राहिलं असं नाही. त्या पैशाने नवीन वीट रचली गेली तरच ती आपल्या आकड्यात येते.

थेट परकीय गुंतवणुकीचंही तसंच. मॉरिशसमध्ये येणाऱ्या परकीय पैशातला मोठा भाग घरांमध्ये जातो. परदेशी माणसाने बंगला घ्यावा आणि त्याबरोबर राहण्याचा परवाना मिळवावा, अशी योजना तिथे 2002 पासून आहे. नावं आणि अटी बदलत गेल्या. 2020 पासून त्यासाठी किमान किंमत 3,75,000 डॉलर आहे. समजा एका युरोपीय जोडप्याने समुद्राकाठी 5 लाख डॉलरचा बंगला घेतला. परकीय गुंतवणुकीच्या आकड्यात पूर्ण 5 लाख दिसतील. भांडवल निर्मितीत मात्र जमिनीचा भाग वगळून फक्त बांधकाम दिसेल, आणि तेही ज्या वर्षी झालं त्या वर्षी. तोच बंगला पाच वर्षांनी दुसऱ्या परदेशी माणसाला विकला, तर परकीय गुंतवणुकीच्या नोंदीत पुन्हा पैसे येतील-जातील, पण भांडवल निर्मितीत जाईल ती फक्त मुद्रांक शुल्क आणि दलालीची किरकोळ रक्कम. वर्तमानपत्रांचे मथळे पहिल्या आकड्याचे असतात आणि लोक अर्थ दुसऱ्याचा लावतात.

मॉरिशसचा टक्का कसा हलला तेही पाहा. 2009 च्या सुमारास तो 25 च्या पुढे होता. हॉटेलं, बंगल्यांच्या वसाहती, एबेन या नव्या व्यापारी वसाहतीतली कार्यालयं अशी बांधकामाची लाट होती. पुढे 2011 पासून बांधकाम क्षेत्र सलग काही वर्षं आकसत गेलं आणि 2015-16 पर्यंत टक्का 17-18 वर आला. नंतर मेट्रो आली.

मेट्रोपाशी जरा थांबायला हवं, कारण ‘छोटी अर्थव्यवस्था’ म्हणजे काय हे तिथे कळतं. पोर्ट लुई ते क्युरपीप या मेट्रो एक्सप्रेसचं कंत्राट 2017 साली आपल्या मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोला मिळालं. रक्कम सुमारे 18.8 अब्ज मॉरिशियन रुपये. भारत सरकारने 2016 मध्ये जाहीर केलेल्या मदतीतले 27.5 कोटी डॉलर या कामासाठी होते. मॉरिशसचा त्या वर्षीचा जीडीपी होता साधारण 457 अब्ज. म्हणजे पंचवीसेक किलोमीटरची एक ट्रामसारखी मेट्रो एका वर्षाच्या जीडीपीच्या 4 टक्के. आपल्याकडे 2017-18 चा जीडीपी सुमारे 171 लाख कोटी होता. त्याचे 4 टक्के म्हणजे पावणेसात लाख कोटींच्या वर. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मूळ अंदाज 1.08 लाख कोटींचा. तेव्हा आपण एकाच कंत्राटात सहा बुलेट ट्रेन बांधायला काढल्या असत्या, तर आपल्या आकड्यांत जेवढी खळबळ झाली असती, तेवढी मॉरिशसच्या आकड्यांत एका मेट्रोने होऊ शकते. अर्थात काम चार-पाच वर्षांत पसरलं, 2019 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि 2022 मध्ये गाडी क्युरपीपला पोचली, म्हणून धक्का वाटला गेला. बेटाच्या बाबतीत एका वर्षाचा टक्का उद्धृत करू नका, पाच वर्षांची सरासरी घ्या, असं मी सांगतो ते यामुळे.

हा आकडा मोजतात कसा, हे फार कमी लोक विचारतात. मोठ्या देशात सर्वेक्षणं असतात. बेटावर सगळ्यात विश्वासू साक्षीदार म्हणजे बंदरातला सीमाशुल्काचा कागद. क्रेन, जनित्र, शिलाई यंत्र, लिफ्ट, सगळं बोटीने येतं आणि सगळ्याची नोंद होते. त्या किमतीवर शुल्क, व्यापाऱ्याचा नफा आणि बसवण्याचा खर्च चढवला की यंत्रसामग्रीतली गुंतवणूक जवळजवळ हातात येते. बांधकामासाठी सिमेंट पकडायचं, कारण तेही बाहेरूनच येतं. गोण्या मोजल्या की इमारती किती झाल्या याचा अदमास लागतो. वाळूची गंमत वेगळीच. पूर्वी मॉरिशसमध्ये खाडीसारख्या उथळ समुद्रातून प्रवाळाची वाळू उपसत असत. 2001 मध्ये त्यावर बंदी आली. तेव्हापासून काळा बसाल्ट फोडून केलेली दगडी वाळू वापरतात. सह्याद्रीच्या माणसाला तो दगड लगेच ओळखू येईल. बांधकामात खरोखर बेटाचं असं काय, तर हा दगड आणि हातांची मेहनत. त्या मेहनतीचाही बराच भाग आता बांगलादेश, भारत वगैरे ठिकाणांहून आलेल्या मजुरांचा असतो.

याचा परिणाम असा की बेटावर गुंतवणूक वाढली की आयात वाढतेच. समजा 100 रुपयांच्या गुंतवणुकीत 60 रुपये यंत्रं, पोलाद, सिमेंट, काच आणि परदेशी सल्लागार यांवर बाहेर गेले. जीडीपीच्या हिशेबात गुंतवणुकीच्या बाजूला 100 चढतात आणि आयातीच्या बाजूला 60 वजा होतात. देशात त्या वर्षी प्रत्यक्ष 40 चीच उलाढाल झाली. त्यामुळे ‘गुंतवणूक दोन टक्क्यांनी वाढवा, वाढीचा दर उसळेल’ हे भारतातल्या पाठ्यपुस्तकातलं गणित तिथे जसंच्या तसं बसत नाही. वाढ येते ती पुढे, ती वस्तू कामाला लागल्यावर. तेही ती कामाची असेल तर.

पैसा कुठून आला हे टक्क्यात दिसतच नाही, आणि मला विचाराल तर तेच आधी पाहावं. गुंतवणुकीतून देशाची बचत वजा केली की चालू खात्यावरची तूट उरते. हा नुसता जमाखर्च आहे, मतभेदाला जागा नाही. मॉरिशसची देशांतर्गत बचत 2015 च्या आगेमागे जीडीपीच्या साधारण 10 टक्क्यांवर आली होती. गुंतवणूक 17-18 ची असली तरी उरलेलं बाहेरूनच भरावं लागत होतं. थोडं परदेशातून येणाऱ्या उत्पन्नातून, बाकीचं बंगले विकून आणि तिथल्या आंतरराष्ट्रीय वित्तीय व्यवसायातून येणाऱ्या ठेवींमधून. अशा देशाला ‘टक्का 25 वर न्या’ असा सल्ला देणाऱ्याने त्याच दमात सांगायला हवं की वरचे सात-आठ टक्के देणार कोण.

सिंगापूरचं उदाहरण इथे हमखास पुढे येतं, म्हणून तेही निपटून टाकू. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचा टक्का 40 च्या वर होता. त्यामागे सक्तीची बचत होती. 1984 मध्ये पगाराच्या तब्बल 50 टक्के रक्कम भविष्य निर्वाह निधीत जात होती, 25 कामगाराचे आणि 25 मालकाचे. दुसऱ्याच वर्षी मंदी आली. बांधलेल्या जागा रिकाम्या पडल्या आणि 1986 मध्ये मालकाचा वाटा 25 वरून 10 वर आणावा लागला. म्हणजे सिंगापूरलाही 40 पचवणं सोपं गेलं नाही. मॉरिशसमध्ये पगाराच्या निम्मी रक्कम कापणारं सरकार दुसऱ्या दिवशी राहणार नाही.

खरं तर मॉरिशसच्या इतिहासातली सगळ्यात हुशार गुंतवणूक दिसायला अगदी सामान्य होती. 1961 मध्ये जेम्स मीड या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी वाढती लोकसंख्या आणि एकटं ऊस हे पीक पाहून बेटाचं भविष्य काळं रंगवलं होतं. 1970 मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा झाला. 1974 च्या सुमारास साखरेला जागतिक बाजारात कधी नव्हे एवढा भाव मिळाला, आणि त्या कमाईतला काही भाग मळेवाल्यांनी कापडाच्या कारखान्यांत घातला. वर पत्रे, आत शिलाई यंत्रांच्या रांगा. भांडवल थोडं, हातांना काम भरपूर. 1980 च्या दशकाच्या अखेरीस बेरोजगारी जवळपास संपली. एका शेडमध्ये गुंतवलेला रुपया आणि समुद्रकाठच्या बंगल्यात गुंतवलेला रुपया टक्क्यात सारखेच दिसतात. शेडने पुढची वीस वर्षं रोज निर्यात केली. बंगल्याने बांधताना गवंड्याला काम दिलं, नंतर माळी आणि सफाईवाली. बंगले वाईट असं मी म्हणत नाही, परकीय चलन त्यांनीही आणलं. पण सगळं बेट मिळून सुमारे 1,865 चौरस किलोमीटर. तिथे किनाऱ्यालगतची जमीन एकदाच विकता येते.

आता ‘सकल’ या शब्दाकडे या. सकल म्हणजे घसारा न वजा करता. कोकणात घर असलेल्याला घसारा समजावून सांगावा लागत नाही: खारा वारा खिडकीचे गज कसे खातो, स्लॅबमधली सळई फुगून सिमेंटचे पापुद्रे कसे पडतात, हे त्याने पाहिलेलं असतं. बेटाला चारही बाजूंनी तोच वारा. त्यात चक्रीवादळं. फेब्रुवारी 1960 च्या कॅरोल वादळाने मॉरिशसमधली हजारो लाकडी-पत्र्याची घरं भुईसपाट केली. त्यानंतर तिथे सपाट छपराची काँक्रीटची घरं रूढ झाली, आजही बेटभर तीच दिसतात. नव्याने घरं बांधली ती सगळी गुंतवणूक म्हणून मोजली जाते. जी उडून गेली ती मात्र त्या वर्षीच्या गुंतवणुकीतून वजा होत नाहीत, आपत्तीत गेलेली मालमत्ता दुसऱ्याच खात्यात नोंदतात. परिणामी वादळानंतर टक्का सुधारलेला दिसतो!

याचं टोकाचं उदाहरण मालदीव. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत तिथलं नुकसान देशाच्या जीडीपीच्या सुमारे 62 टक्के होतं. जागतिक बँक, आशियाई विकास बँक आणि संयुक्त राष्ट्रं यांनी मिळून केलेला हा अंदाज. कंढोलुधू हे बेट राहण्याजोगं उरलं नाही. तिथल्या लोकांसाठी रेड क्रॉसने धुवाफारू या निर्जन बेटावर अख्खं गाव वसवलं, ते 2009 मध्ये पूर्ण झालं. घरं, शाळा, रस्ते, सगळी भांडवल निर्मिती. पण ते गाव म्हणजे गेलेल्या गावाच्या जागी आलेलं गाव. राजधानी मालेभोवतीची समुद्रभिंतही तशीच. 1987 च्या लाटांनी शहरात पाणी शिरल्यावर जपानच्या मदतीने ती उभी राहिली. तिच्यातून एक रुपयाचं उत्पादन निघत नाही. गुंतवणुकीला वाढीने भागून कार्यक्षमता काढणाऱ्याला ती वाया गेलेली वाटेल. ती नसती तर भागायला शहर उरलं असतं का, हा प्रश्न त्या सूत्रात नाही.

मालदीवचीच आणखी एक खोच. जमीन विकत घेणं भांडवल निर्मितीत धरत नाहीत असं मी वर म्हटलं. पण समुद्रात भराव घालून जमीन तयार केली तर तो खर्च धरतात. हुळुमाले हे भरावाचं शहर 1997 पासून असं उभं राहतंय. दुसरीकडे, 2018 मध्ये चीनच्या मदतीने मालेला विमानतळाच्या बेटाशी जोडणारा पूल झाला आणि त्यानंतर मालेला पश्चिमेकडच्या बेटांशी जोडणारं काम भारताच्या 10 कोटी डॉलर अनुदानावर आणि 40 कोटी डॉलर कर्जावर सुरू झालं. ते करणारी अ‍ॅफकॉन्स ही कंपनीही मुंबईचीच. मालदीवचा गुंतवणुकीचा जोर मॉरिशसच्या कितीतरी वर आहे. सरकारी कर्जही जीडीपीच्या वर गेलेलं आहे. ‘टक्का जास्त म्हणजे चांगलं’ म्हणणाऱ्यांनी ही दोन बेटं शेजारी ठेवून पाहावीत.

भाजकाकडेही लक्ष ठेवा. 2020 मध्ये पर्यटन बंद पडलं आणि मालदीवचा जीडीपी साधारण एक तृतीयांशाने कोसळला. समजा एखाद्या बेटाची गुंतवणूक 30 होती आणि जीडीपी 100. जीडीपी 67 वर आला आणि विमानतळाचं काम कंत्राटाप्रमाणे चालू राहिलं, तर टक्का आपोआप 45 होतो. एक गोणी सिमेंट जास्त न वापरता! म्हणून टक्क्याबरोबर रकमेची मालिकाही, स्थिर किमतीत (म्हणजे महागाई वगळून), लावा.

तुमच्या निबंधासाठी मी काय करेन ते सांगतो. मॉरिशसची 2006 पासूनची मालिका घ्या, विमानं-जहाजं काढून टाका, उरलेल्याचे राहती घरं, इतर बांधकाम आणि यंत्रसामग्री असे तीन भाग करा. सांख्यिकी खात्याच्या राष्ट्रीय लेख्यांत ही फोड मिळते. बांधकामाचा हिस्सा निम्म्याहून बराच मोठा निघेल. यंत्रसामग्रीची रेघ कुठे वळते ते पाहा. युरोपने साखरेचा हमीभाव 2006 ते 2009 या काळात 36 टक्क्यांनी उतरवला आणि 2005 मध्ये कापडाचा जागतिक कोटा संपला, या दोन गोष्टींनंतर कारखान्यांनी यंत्रं बदलली की कारखानेच बंद केले, हे त्या रेघेत शोधा. भारताशी तुलना करायचीच असेल तर संपूर्ण भारताशी करू नका. 12-13 लाख लोकसंख्येच्या बेटाला गोवा जास्त जवळचा. तिथेही पर्यटन आहे, बाहेरच्यांनी घेतलेले बंगले आहेत आणि जमिनीवरून तेवढीच भांडणं आहेत. राज्य पातळीवर गुंतवणुकीचा आकडा मिळवणं मात्र कटकटीचं काम आहे, तेव्हा मार्गदर्शकांशी आधी बोलून घ्या.

आणि आगालेगा विसरू नका. मॉरिशसच्या उत्तरेला हजारएक किलोमीटरवरच्या या बेटांवर जेमतेम तीनशे माणसं राहतात. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथे भारताच्या मदतीने बांधलेली तीन किलोमीटरची धावपट्टी आणि धक्का सुरू झाला. मालमत्ता मॉरिशस सरकारची, म्हणून नियमाप्रमाणे ही मॉरिशसची भांडवल निर्मिती आणि भारताकडून आलेलं भांडवली हस्तांतरण, म्हणजे मालमत्तेसाठी मिळालेलं अनुदान. त्या काळातले आकडे लावताना ती कुठल्या वर्षांत आणि किती धरली आहे, हे खात्याला ईमेल करून विचारा. माझा अनुभव असा की बेटांवरची सांख्यिकी खाती लहान असतात आणि नीट विचारलेल्या प्रश्नाला आठवड्याभरात उत्तर देतात.